तिघी सुनांच्या गोळ्या

गोंदियाच्या बाजारात अंडी विकणारा एक म्हातारा बसायचा. मी लांबून दिसले की तो शेजारच्या भाजीवालीला सांगायचा, "आ गई अंडेवाली बाई. अब एक-एक को सूरज दिखाएगी." आणि मी खरोखरच प्रत्येक अंडं उन्हाकडे धरून, फिरवून पाहायचे. ताजं हवं, कवचाला तडा नको. टोपली भरून निघाले की निम्मा बाजार वळून बघायचा. बिनलग्नाची, काडीसारखी बारीक मुलगी, आणि दर आठवड्याला एवढी अंडी! ती कुठं जातात, हा गोंदियात बरेच दिवस चर्चेचा विषय होता.

ती अंडी क्षयाचे जंतू खात. मी त्यांची स्वयंपाकीण होते.

पन्नास ते साठ सालांमधली ही हकीकत. आज गोंदिया जिल्ह्याचं ठिकाण आहे, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं, आणि भंडारा आधी मध्यप्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि शेवटी महाराष्ट्रात. आमच्या क्षयाच्या दवाखान्याच्या पाटीवरचं राज्याचं नाव रंगाऱ्यानं तेवढ्या वर्षांत पुसून पुसून लिहिलं. आतल्या रोग्यांना आणि जंतूंना त्याचा पत्ताही नव्हता. मी अर्जुनी मोरगावकडच्या एका धान पिकवणाऱ्या घरातली. नागपुरात मॅट्रिक झाले, तिथंच एका इस्पितळात सूक्ष्मदर्शकाचं काम शिकले आणि गोंदियाला नोकरीला लागले. आईनं गावभर सांगितलं, पोरगी डाक्टरीन झाली. पुढं कुणीतरी तिला सांगितलं की पोरगी लोकांचे बेडके तपासते. तेव्हापासून ती "दवाखान्यात आहे" एवढंच म्हणू लागली.

माझी घरमालकीण कांदासुद्धा न खाणारी. एकदा बाजारातून उशीर झाला म्हणून मी टोपली रात्रीपुरती खोलीवर आणली, तर तिनं दारातच अडवलं. मी सांगितलं, अम्माजी, हे खाण्यासाठी नाही, टीबीचे जंतू वाढवण्यासाठी आहे. त्यावर ती हात जोडून म्हणाली, "बेटी, चाहे तो टीबी के कीड़े घर में रख ले, पर अंडा मत ला." मी निमूट टोपली उचलून दवाखान्यात ठेवून आले.

अंडी कशाला लागत ते सांगते. रोग्याचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, लाल रंग घालून तापवायचा, मग आम्लानं धुवायचा. बाकी सगळ्या जंतूंचा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. असा चिवट की अंगाला लागलेला रंगही सोडत नाही. वरून निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर लाल काड्या दिसतात. दिसल्या की क्षय. पण त्या काड्या कोणत्या औषधानं मरतील, हे काचपट्टी सांगत नाही. त्यासाठी जंतू पेरावे लागतात, आणि क्षयाच्या जंतूला पेरायला उत्तम जमीन म्हणजे अंडं. अंडी फोडून फेटायची, त्यात ग्लिसरीन आणि एक हिरवा रंग घालायचा, छोट्या बाटल्यांत ओतायचं आणि बाटल्या तिरप्या ठेवून हलक्या आचेवर थिजवायच्या. आत हिरवी, तिरपी वडी तयार होते. एका बाटलीत नुसतं अंडं, दुसऱ्या बाटलीत अंड्यात मिसळलेलं एक औषध, तिसरीत दुसरं औषध. सगळ्यांत एकाच रोग्याचे जंतू पेरायचे आणि वाट पाहायची.

ही वाट पाहणं म्हणजे कठीण काम. बाकीचे जंतू एका रात्रीत वाढतात. क्षयाचा जंतू असा आळशी की दीड-दोन महिने खुशाल बसून राहतो. मग एक दिवस साध्या बाटलीत भाकरीच्या कोरड्या चुऱ्यासारखे कण दिसू लागतात. औषधांच्या बाटल्या गुळगुळीत राहिल्या तर आनंदीआनंद. औषधाच्या बाटलीतही चुरा उगवला, तर ते औषध त्या रोग्यापुरतं संपलं असं समजायचं.

आमच्या डॉक्टरसाहेबांना या चुऱ्याचं वेड होतं. उंच, किरकोळ, जेवायचं विसरणारा माणूस. औषध लागू पडलं की सगळे खूश होत, हे मात्र लागू न पडलेल्या बाटलीपुढं बसून राहत. "हा शहाणा कुठून आला?" असं त्या चुऱ्याकडे बोट करून मला विचारत, जणू मीच त्याला आत घेतलं होतं. त्यांचा प्रश्न साधा होता. जंतू औषधाला भीक घालेनासे होतात, ते औषध पाहून शिकतात म्हणून, की न जुमानणारा एखादा आधीपासूनच त्यांच्यात असतो म्हणून?

एके दिवशी ते एका परदेशी मासिकातलं काहीतरी वाचून आले आणि मला म्हणाले, "उद्या बाजारातून मखमल आणा."

मी मखमल घ्यायला कापडाच्या दुकानात गेले. सेठनं खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "शादी किसकी है, बाई? तुम्हारी?"

"जंतूंची," मी म्हटलं.

सेठ हसला नाही. त्यानं मरून रंगाचा उत्तम तुकडा काढून दिला. आम्ही तो सुताराकडून करून घेतलेल्या गोल ठोकळ्यावर ताणून बसवला, निर्जंतुक करायला वाफेत ठेवला, आणि सगळा मरून रंग वाफेबरोबर खाली उतरला. डॉक्टरांचा सदरा, माझी बोटं, बशा, सगळं लग्नघरासारखं रंगलं. पुन्हा सेठकडे जाऊन पांढरी मखमल मागितली. तो म्हणाला, सफेद मखमल कोणी घेत नाही. शेवटी कुठूनतरी त्यानं ती मिळवून दिली, आणि लग्न मोडलं का, असं हळूच विचारलंही.

मखमलीची करामत अशी. बशीत आतड्यातले साधे, भराभर वाढणारे जंतू दाट पेरायचे. त्यावर मखमल हलकेच टेकवायची, म्हणजे तिच्या लवेवर जंतूंचा ठसा उमटतो. तोच ठसा औषध घातलेल्या बशांवर उमटवायचा. औषधाच्या बशीत जवळजवळ सगळे मरतात, तुरळक ठिपके तेवढे जगतात. गंमत अशी, की प्रत्येक औषधी बशीत ठिपके त्याच त्याच जागी निघाले. मग आम्ही मूळ बशीकडे गेलो, जिला औषधाचा वासही लागला नव्हता, आणि तिच्यातले नेमके त्या जागचे जंतू उचलून औषधात टाकले. त्यांच्यात जगणारे कितीतरी जास्त निघाले. म्हणजे ते कुणाकडून शिकले नव्हते. आधीपासूनच तसे होते, लाखांत एखादा. औषधानं फक्त बाकीचे मारून त्याला रान मोकळं करून दिलं. डॉक्टर त्या दिवशी दोन वेळचं जेवण विसरले. मीही इतकी हरखले होते की घरमालकिणीला सगळं समजावून सांगत बसले, आणि ती माळ ओढत ऐकत राहिली.

हे सगळं बशीत पाहणं वेगळं आणि माणसाच्या छातीत पाहणं वेगळं, ते मला सेवंतानं दाखवलं.

सेवंता चोरखमाऱ्याच्या तलावाखाली धान पिकवणाऱ्या एका पवारांच्या घरातली धाकटी सून. नवरा तिला तिरोड्याहून रेल्वेनं घेऊन आला तेव्हा ती खोकताना भिंतीला धरत होती. काचपट्टीवर लाल काड्या खच्चून भरलेल्या. दोन महिने ती आमच्या वॉर्डात राहिली. स्ट्रेप्टोमायसीनच्या सुया, आयसोनियाझिडच्या चिमुकल्या पांढऱ्या गोळ्या आणि पास नावाच्या औषधाच्या मोठाल्या पुड्या, असा तिला खुराक होता. गोळी निरुपद्रवी. पुडी मात्र महाभयंकर. पाण्यात कालवून प्यायची, आणि प्यायल्यावर पोटातलं सगळं वर येऊ पाहायचं. धट्टेकट्टे हमालही पुडी पाहून तोंड फिरवत. सेवंता डोळे मिटून प्यायची. महिन्याभरात तिच्या गालांवर मांस चढलं, भूक इतकी लागायला लागली की ती शेजारच्या खाटेवरचा भात मागायची. स्वभाव बोलका. मी वॉर्डात गेले की विचारायची, "बाई, माहे पोरं कसे आहेत?" तिची खरी पोरं गावात होती. ही म्हणजे बाटलीत पेरलेले तिचे जंतू.

ते जंतू गुणी निघाले. साध्या बाटलीत उगवले, औषधांच्या बाटल्यांत एकही नाही. सेवंता गोळ्या आणि पुड्या घेऊन हसत घरी गेली. वर्षभर दोन्ही घ्यायचं, गोळी सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, असं आम्ही तिला आणि नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. औषध संपलं की नवरा येऊन नवीन घेऊन जायचा. कधी चुकला नाही.

होळीच्या सुमारास सेवंता परत आली. पुन्हा खोकत, पुन्हा भिंतीला धरत. काचपट्टीवर पुन्हा लाल काड्या.

डॉक्टर कधी नव्हे ते चिडले. "गोळ्या उकिरड्यावर टाकल्या असतील. बरं वाटलं की टाकतात."

सेवंता रडायला लागली. "रोज घेतली, साहेब. देवाची आन. एक दिवस खाडा नाही केला."

मला ती खोटं बोलते असं वाटेना. तिला वॉर्डात ठेवून घेतलं, मी तिचा बेडका नव्यानं बाटल्यांत पेरला आणि आमचा उन्हाळा सुरू झाला. जंतूंच्या कपाटाला माणसाच्या अंगाएवढी ऊब लागते. ती देण्याची सोय कपाटात होती. पण गोंदियाच्या मे महिन्यात खोलीच त्या कपाटाहून जास्त तापायची. ऊब देणारं यंत्र होतं, गारवा देणारं नव्हतं. मग कपाटाभोवती गोणपाट गुंडाळायचं आणि त्यावर सारखं पाणी मारायचं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला तेव्हा मी हातात पंखा घेऊन कपाटालाच वारा घालत बसले होते. डॉक्टर म्हणाले, "रोग्यांनाही एवढं जपा कधी." पण तेही येता-जाता तांब्याभर पाणी गोणपाटावर ओतून जात. सगळे जंतू उकडून मेले असते तर सेवंताला कोणतं औषध द्यायचं हे कळायला आणखी दोन महिने गेले असते, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ नव्हता. त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नव्हतं, हे खरं.

बाटल्यांचा निकाल दिसला त्या दिवशी मी प्रत्येक बाटली पुन्हा उजेडाकडे धरून पाहिली. आयसोनियाझिडच्या बाटलीत चुरा उगवला होता, साध्या बाटलीइतकाच भरघोस. तिची सर्वांत सोपी, सर्वांत सोसवणारी गोळी संपली होती. स्ट्रेप्टोमायसीनची आणि पासची बाटली मात्र गुळगुळीत होती. म्हणजे सुई आणि ती भयंकर पुडी, ही दोनच शस्त्रं उरली. त्यांचंही असंच झालं, तर सेवंताला द्यायला आमच्या औषधांच्या कपाटात काही नव्हतं. त्याआधी एका शाळामास्तरांच्या सगळ्या बाटल्या अशा भरून आलेल्या मी पाहिल्या होत्या. मास्तर मला रोज नमस्कार करून विचारायचे, निकाल आला का. तो निकाल डॉक्टरांनी त्यांना सांगितला तेव्हा मी मागच्या दारानं बाहेर गेले होते. तो माणूस आम्हाला वाचवता आला नाही, याची हळहळ अजून जात नाही.

"हे झालं कसं, ते कळल्याशिवाय नवं औषध सुरू करण्यात अर्थ नाही," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मी जाऊन पाहते.

तिरोड्याहून बैलगाडीनं मी तिच्या घरी पोचले. सासू भिवराबाई ओसरीवर बसून बियाण्याचं धान पाखडत होती. दणकट बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरात ते लोक पवारी बोलत, माझ्याशी झाडीपट्टीतली मराठी. तिनं पाणी दिलं, गूळ दिला. मोठी सून कौतिका आणि मधली सून दाराआडून बघत होत्या. मी विचारलं, "माय, सेवंताच्या गोळ्या कोण देत होतं?"

"मीच देतो ना," भिवराबाई अभिमानानं म्हणाली. "माह्या हातानं. आजवर चुकली नाही. सकारची गोळी कौतिकेले, दुपारची मधलीले, न सांजची सेवंतेले."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. "कौतिकाला कायले, माय? तिला क्षय नाही."

"मंग? सेवंता दवाखान्यातून आली तं कशी गुटगुटीत होऊन आली होती. ह्या दोघी वाळून राहिल्या. ताकदीची गोळी एकीलेच देऊ, न दुसऱ्या दोघींनं तोंडाकडं पाहात बसाव का? माह्या घरात असं चालत नाही. लुगडं आणलं तं तीन. बांगड्या भरल्या तं तिघींच्या. डाक्टरानं तीन गोळ्या सांगतल्या, सुना तीन. देवानंच जुळवलं म्हना."

"आणि पुडी?"

"ते कडूझार? तिघींनं चाखलं, तिघीबी थुंकल्या. एकीले जे नको ते कोनालेच नको. गाईच्या आंबोणात टाकून राहिली मी. गायबी खात नाही."

मला हसावं की कपाळ बडवावं समजेना. त्या बाईनं औषधाची एक गोळीही वाया घालवली नव्हती. एवढी इमानानं औषध वाटणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. आम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ असं शंभरदा सांगितलं होतं, पण तिन्ही वेळच्या गोळ्या एकाच तोंडात जायच्या आहेत, हे सांगायला लागेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सेवंताच्या छातीत मात्र अर्धवट औषध जात होतं, तेही एकाच जातीचं. मेले ते साधे जंतू. हट्टी होता तो राहिला आणि त्याच्या प्रजेनं रान भरलं.

पण हे सांगायचं कसं? मखमल आणि बशा तिला काय सांगणार! मी समोरच्या धानाच्या बांधीकडे बघितलं आणि मला माझ्या बापाचं शेत आठवलं.

"माय, तुमच्या बांधीत करगा होते का?"

"कोनाच्या बांधीत नाही होत?" भिवराबाई उखडलीच. करगा म्हणजे धानात आपोआप उगवणारं रानटी धान. रोप थेट धानासारखं, पण दाणा पिकायच्या आधीच झडून जातो. माझ्या बापानं त्याच्यापायी शेतीखात्याकडून जांभळ्या पानाचं धान आणलं होतं. जांभळं ते ठेवायचं, हिरवं ते उपटायचं.

"आमीबी आणलं होतं जांभळं," ती म्हणाली. "दोन-चार वर्स बरं गेलं. मंग तो करगाच जांभळा निंगाला, मेला."

"कारण हिरवा तेवढा तुम्ही उपटला. एखाददुसरा जांभळट होता तो नजरेतून सुटला, आणि पुढं त्याचंच बी झडत गेलं."

"हो ना."

"सेवंताच्या छातीत तेच होऊन राहिलं, माय. गोळी म्हणजे निंदणं. तिघींची रोजी घेऊन एकीनंच निंदलं, तेही अर्धीच बांधी. आणि निंदणाऱ्या दोन पाहिजेत. गोळी पानाचा रंग बघते, पुडी मुळाचा. एकीच्या नजरेतून सुटला तर दुसरीच्या तावडीत सापडते. दोघींनाही चकवणारा करगा क्वचितच. तुम्ही पुडी गाईला दिली, मग सुटलेल्याला कोण उपटणार?"

भिवराबाईच्या हातातलं सूप थांबलं. ते तिनं खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे मी तिले न्याव करून करून मारून राहिली होती?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दाराआडून कौतिका बाहेर आली आणि सासूजवळ येऊन बसली. मीही रडले. मग मी सांगितलं, अजून वेळ गेली नाही. दिवसाआड तिरोड्याच्या दवाखान्यात सुई, आणि रोज पुडी, दीड वर्ष. पण आता ती सेवंताच्याच पोटात गेली पाहिजे, सगळी, एकही न टाकता. नाहीतर पुढं औषधच नाही.

भिवराबाईनं पदरानं नाक पुसलं. तिला सगळं पटलं होतं, पण एक गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती. "पन ते कडू तिनं एकटीनं पेयाचं? दीड वर्स? न ह्या दोघी गोड खात बसतीन?"

"त्यांना कशाला पुडी, माय!" मी घाबरून म्हटलं.

"पुडी नाही देत. सेवंता सांगते त्या तुमच्या बाटलीची आन."

कौतिकाचा आणि मधलीचा छातीचा फोटो आम्ही काढून घेतला. दोघी स्वच्छ निघाल्या. सेवंता औषधं घेऊन घरी गेली. पुढच्या महिन्यात मी सकाळच्या गाडीनं तिच्याकडे गेले तेव्हा ओसरीवर जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिघी सुना रांगेत बसलेल्या. सेवंताच्या हातात पुडी कालवलेला पेला. कौतिकाच्या आणि मधलीच्या हातात कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवागार रस. आणि समोर पाटावर भिवराबाई, तिच्याही हातात तोच रस.

"पे," भिवराबाई म्हणाली, आणि चौघींनी एकदम पेले तोंडाला लावले.

कौतिका तोंड वाकडं करून माझ्याकडे वळली. "बाई, आमचा का गुन्हा हो? आमाले तं रोगबी नाही."

"सेवंतेनं पेला खाली ठेवला तं तूबी ठेवशील," भिवराबाईनं बजावलं. "तिचं आधी संपलं पायजे."

यातली खुबी मला उशिरा कळली. सेवंता एखादे दिवशी पुडीला तोंड फिरवू लागली, की तिच्या दोघी जावा तिच्यावर तुटून पडत. आपला रस आपण प्यायचा आणि ही सुटणार, हे त्यांना खपणारं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सेसनाही जमलं नसतं असा पहारा त्या घरात रोज सकाळी बसायचा. मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण कडुनिंबाचा क्षयाच्या जंतूंवर काय परिणाम?"

"जंतूंवर माहीत नाही," मी म्हटलं. "सुनांवर फार चांगला आहे."

पावसाळा गेला, धान कापलं, पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा गोणपाटावर पाणी, आणि मग दुसरं धानही कापून झालं. सेवंताच्या बेडक्यातल्या लाल काड्या आधी विरळ झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. पण काचपट्टीला न दिसणारे चार-दोनही बाटलीत उगवू शकतात, म्हणून डॉक्टर म्हणाले, औषध बंद करण्याआधी शेवटचा नमुना आणून पेरा. मी डबी घेऊन चोरखमाऱ्याकडे निघाले. 

सेवंता अंगणात धान वाळत घालत होती. अंगानं भरलेली, डोक्यावर टोपलं. मी डबी तिच्या हातात दिली. "खोल खोक आणि यात बेडका दे."

ती एका कोपऱ्यात जाऊन खोकली. नुसता आवाज. पुन्हा खोकली, पुन्हा खोकली. तोंड लाल झालं, डबी कोरडीच. भिवराबाई ओरडली, "नीट खोकलून दे ना वो! बाई एवढ्या दुरून आली." मधली तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागली. कौतिका पुढं होऊन म्हणाली, "बाई, नाही येत तं मी देऊ का माहा?"

सेवंता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, हातात रिकामी डबी. दीड वर्ष रोज ती पुडी प्यायलेली बाई शेवटच्या परीक्षेत नापास झाल्यासारखी ओशाळली होती.

"बाई, काही येऊनच नाही राहिलं वो. आता का करू?"

मी तिच्या हातातून डबी घेतली आणि झाकण लावलं. 

"काही करू नको, सेवंता," मी म्हटलं. "हेच न्यायला आली होती मी."